शालेय विविधता परिषद : विद्यार्थ्यांच्या हाती कोणत्या जबाबदाऱ्या द्याव्यात आणि कशा

शाळांमध्ये विविधतेच्या नावाने होणारे बहुतेक कार्यक्रम ठरावीक वळणाने जातात. नऊवारी, फेटा, भांगड्याचा पोशाख अशा वेशभूषा मंचावरून फिरतात, विविधतेतील एकतेवर वक्तृत्व स्पर्धा होते, पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे दिली जातात आणि मुले वर्गात परततात. त्याच वर्गात एखाद्या मुलीच्या अहिराणी वळणाच्या बोलण्याला हसले जाते, शिष्यवृत्तीच्या यादीतली नावे प्रवर्गासह मोठ्याने वाचली जातात, आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन परतलेला मुलगा बुडालेल्या अभ्यासासह शेवटच्या बाकावर बसतो. या गोष्टींना त्या कार्यक्रमात कुठेही जागा नसते. विविधता परिषद भरवायची ती अशा गोष्टींवर मोकळेपणाने बोलता यावे आणि त्यांतल्या काही बदलता याव्यात म्हणून. त्या गोष्टी मुलांना जितक्या नेमक्या ठाऊक असतात तितक्या शिक्षकांना नसतात, आणि म्हणून परिषदेचे नेतृत्व मुलांकडे असणे ही शोभेची बाब नसून कामाची गरज आहे.

पुढील विवेचन माध्यमिक शाळेने एका दिवसाची परिषद भरवायची ठरवली आहे असे धरून केले आहे. यजमान शाळेचे ६० आणि जवळपासच्या तीन-चार शाळांचे मिळून ६० अशा १२० प्रतिनिधींची परिषद मुलांना पेलते. निमंत्रित शाळा निवडतानाच परिषदेचे निम्मे यश ठरते. आपल्यासारख्याच चार शाळा बोलावल्या तर चर्चेला विषय उरत नाही. गावात किंवा शहरात जिल्हा परिषदेची शाळा, उर्दू माध्यमाची शाळा, आश्रमशाळा, कर्णबधिर विद्यालय यांपैकी जे असेल तिथे पहिले निमंत्रण जावे, आणि ते टपालाने न जाता दोन विद्यार्थी व एक शिक्षक यांनी स्वतः जाऊन द्यावे.

तारखेचा विचार

संविधान दिन, म्हणजे २६ नोव्हेंबर, ही तारीख सर्वांत सोयीची वाटते. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारले आणि २०१५ पासून हा दिवस देशभर पाळला जातो, त्यामुळे शाळेच्या वार्षिक नियोजनात त्याला आधीच जागा असते. शिवाय प्रथम सत्राची परीक्षा व दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी उरकलेली असते आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी अजून जोरात सुरू झालेल्या नसतात. अर्थाच्या दृष्टीने ७ नोव्हेंबर हा दिवस अधिक जवळचा आहे, कारण १९०० साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला आणि राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण तो अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर येतो. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीचा, ३ जानेवारीचा, पर्याय सुचवला जातो, पण तेव्हा दहावीची सराव परीक्षा दारात उभी असते.

या सगळ्याचा सरळ परिणाम असा की नेतृत्व नववीकडे द्यावे, आठवीला त्यांच्या हाताखाली घ्यावे आणि दहावीच्या मुलांना फक्त सल्लागार ठेवावे. कामाला जुलैत सुरुवात केली तर संघाची निवड ऑगस्टच्या मध्यापर्यंत होते, सप्टेंबर प्रशिक्षणाला मिळतो आणि परीक्षेच्या काळात महिनाभर काम थांबवले तरी घाई होत नाही.

संघ कसा निवडावा

परिषदेच्या संघात साधारण ३५ विद्यार्थी लागतात. इथे पहिला मोह असा की वर्गप्रतिनिधी, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मुले आणि पहिल्या पाचांतली मुले उचलायची. असा संघ सफाईने काम करतो, पण ज्यांच्यासाठी परिषद आहे ती मुले त्याच्याशी बोलत नाहीत. त्यामुळे निम्म्या जागा आजवर शाळेत कोणतेही पद न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि तसे सूचनाफलकावर स्पष्ट लिहावे.

अर्जात तीनच प्रश्न असावेत : तुला कोणते काम करायला आवडेल, शाळेत तुला खटकणारी एक गोष्ट कोणती, आणि तू कोणाला कधी सांभाळून घेतले आहेस. उत्तर कोणत्याही भाषेत लिहिण्याची आणि लिहिणे जड जात असेल तर तोंडी सांगण्याची मुभा द्यावी. निवड करताना दोन शिक्षकांबरोबर दहावीचे दोन विद्यार्थी बसावेत. वर्गशिक्षकांचे मत घ्यावे, परंतु 'हा मुलगा उद्धट आहे' एवढ्याच शेऱ्यावर कोणाचे नाव कापू नये. अन्याय झाला की बोलून दाखवणाऱ्या मुलांवर हा शिक्का लवकर बसतो, आणि परिषदेला अशाच मुलांची गरज असते.

निमंत्रक

दोन निमंत्रक असावेत, एक नव्हे. एकच असला की सगळे निर्णय त्याच्याकडे साचतात आणि तो आजारी पडला की काम थांबते. दोघे असले की आपसांत बोलूनच निर्णय घ्यावा लागतो आणि ती सवय सगळ्या संघाला लागते. दोघे शक्यतो वेगवेगळ्या तुकड्यांचे असावेत, म्हणजे सेमी इंग्रजीची तुकडी आणि मराठीची तुकडी यांच्यात शाळेतच जी अदृश्य भिंत असते ती निदान संघात तरी राहत नाही.

आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर ४० मिनिटांची बैठक बोलावणे, प्रत्येक गटाने काय केले ते विचारणे आणि अडलेले काम मुख्याध्यापकांकडे नेणे, एवढे त्यांचे काम. परिषदेच्या दिवशी निमंत्रकांनी भाषण करू नये असे मी आवर्जून सुचवतो. मंचावर जायचे ठरले की महिनाभर आधीपासून मन भाषणात गुंतते आणि बाकीचे काम सैल पडते. प्रास्ताविक आठवीच्या एखाद्या विद्यार्थ्याला द्यावे आणि ते पाच मिनिटांत संपवावे.

संवादक : परिषदेचा कणा

परिषदेचे खरे नेतृत्व मंचावर दिसत नाही. पंधरा मुले गोलाकार बसलेली असतात, त्यांतली बरीचशी एकमेकांना अनोळखी असतात, आणि नववीतले दोन विद्यार्थी ती चर्चा चालवत असतात, तिथे परिषद घडते किंवा बिघडते. १२० प्रतिनिधींसाठी पंधरा-पंधरांचे आठ गट आणि प्रत्येक गटाला दोन याप्रमाणे सोळा संवादक लागतात. तयारीचा किमान निम्मा वेळ या सोळा जणांवर खर्च करावा. सजावट, पाहुणे, प्रमाणपत्रे यांतले काही राहून गेले तरी चालेल, हे प्रशिक्षण राहून चालणार नाही.

प्रशिक्षणाची सुरुवात प्रश्न घडवण्यापासून करावी. चांगल्या प्रश्नाच्या तीन कसोट्या आहेत : स्वतःची जात, धर्म किंवा घरची मिळकत न सांगता उत्तर देता आले पाहिजे, उत्तरात मत न येता अनुभव आला पाहिजे, आणि गटातल्या प्रत्येकाकडे सांगण्याजोगे काही असले पाहिजे. 'तुमच्या समाजाच्या चालीरीती सांगा' हा प्रश्न तिन्ही कसोट्यांवर नापास होतो, कारण तो एका मुलाला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करतो. त्याऐवजी 'शाळेत कुठे तुम्ही घरच्यासारखे बोलता आणि कुठे बोलणे बदलता?' असे विचारले, तर कोरकू बोलणारी मुलगी, वऱ्हाडी बोलणारा मुलगा आणि घरात गुजराती बोलणारा मुलगा हे तिघेही आपापले सांगू शकतात आणि प्रमाण मराठीत वाढलेल्या मुलालाही 'मला बदलावे लागत नाही' हे कदाचित पहिल्यांदाच जाणवते. 'मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसायचे हे तुम्ही कसे ठरवता?' हा असाच एक उपयोगी प्रश्न आहे. संवादकांनी असे दहा-बारा प्रश्न स्वतः तयार करावेत, एकमेकांवर वापरून पाहावेत आणि त्यांतले चार ठेवावेत.

उत्तर न देता पुढच्याकडे वळण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, हे सुरुवातीलाच सांगायचे आणि पहिल्या फेरीत एका संवादकाने स्वतः तो हक्क वापरून दाखवायचा. नुसते सांगितल्याने मुलांचा विश्वास बसत नाही.

मग येतो अवघड भाग. समजा, गटात एक मुलगा म्हणतो, 'आमच्या सोसायटीत मांसाहार करणाऱ्यांना घर देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.' समोर बसलेल्या मुलीच्या घरी रोज मासळी शिजते आणि तिची मान खाली गेली आहे. तयारी नसलेला संवादक इथे दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर 'असे बोलायचे नाही' म्हणून मुलाला गप्प करतो, मग त्या मुलाचे मत जसेच्या तसे राहते आणि उरलेले सगळे सावध होतात. नाही तर तो त्या मुलीकडे वळून 'तुला काय वाटते?' असे विचारतो आणि जिला लपायचे होते तिलाच उजेडात उभे करतो. तयार संवादक मुलाला शांतपणे विचारतो, 'हा नियम तू पहिल्यांदा कोणाकडून ऐकलास?' आणि त्याचे उत्तर ऐकून घेतल्यावर सगळ्या गटाला विचारतो, 'घर, बसायची जागा किंवा खेळात प्रवेश नाकारला गेल्याचे कोणी पाहिले आहे का? स्वतःचेच सांगितले पाहिजे असे नाही.' दरम्यान दुसऱ्या संवादकाचे लक्ष त्या मुलीकडे असते. मधल्या सुट्टीत तो सहज तिच्याजवळ जाऊन पाणी प्यायला चल म्हणतो, आणि तिला बोलायचे असेल तर ऐकतो. दोन संवादक हवेत ते यासाठी : एकाने चर्चा चालवायची, दुसऱ्याने चेहरे पाहायचे.

असे दहा प्रसंग लिहून त्यांची तालीम घ्यावी. जातीवरून केलेली कोटी, मुलासारखे चालणाऱ्या मुलीवर किंवा मुलीसारखे बोलणाऱ्या मुलावर झालेली टीका, 'तुम्हाला तर सवलत आहे' हे वाक्य, परप्रांतीय म्हणून केलेला उल्लेख, अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करणे, हे सारे त्यांत यावे. सवलतीच्या विषयावर संवादकांची माहितीही पक्की हवी, कारण तिथे भावनेने भागत नाही. संविधानाचे कलम १५ भेदभावाला मनाई करते आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींना वाव देते, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या, एवढे त्यांना वही न पाहता सांगता आले पाहिजे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही शेवटची तरतूद लागू नाही, हेही ठाऊक असलेले बरे, कारण कोणीतरी विचारतेच.

गुप्ततेची मर्यादा

'इथे बोललेले बाहेर जाणार नाही' असे वचन संवादक उत्साहाने देतात, पण ते पूर्ण वचन त्यांनी देऊ नये. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल किंवा मारहाणीबद्दल सांगितले तर ते विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत पोहोचवलेच पाहिजे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. म्हणून वाक्य असे ठेवावे : 'इथले अनुभव आपण बाहेर कोणाच्या नावाने सांगणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे कळले तर आम्ही ते ठरलेल्या शिक्षिकेला सांगू.' त्या शिक्षिकेचे नाव आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक गटाच्या खोलीत फळ्यावर लिहिलेला असावा. शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शालेय समिती, काम करत असेल तर तिच्या सदस्यांपैकी एकीला दिवसभर एका शांत खोलीत बसवावे. चार विद्यार्थ्यांचा आधार गट या खोलीपर्यंत मुलांना सोबत करतो; समुपदेशन करणे हे त्यांचे काम नव्हे, हे त्यांना आणि इतरांनाही बजावून सांगावे.

बाकीचे गट

सोयीसुविधांच्या गटाकडे सहसा खुर्च्या मोजण्याचे काम येते. इथे त्यांची जबाबदारी मोठी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत आणि त्यांतली अनेक डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे निमंत्रणाबरोबरच 'तुम्हाला कोणती सोय लागेल?' असा साधा प्रश्न प्रत्येक प्रतिनिधीला लेखी विचारावा. मग गटाने चाकांच्या खुर्चीवर बसून किंवा ती ढकलत शाळेच्या फाटकापासून सभागृहापर्यंत, तिथून स्वच्छतागृहापर्यंत आणि जेवणाच्या जागेपर्यंत जाऊन पाहावे. जिथे उंबरा किंवा पायरी आडवी येते तिथे फळी टाकायची की गटाची खोली तळमजल्यावर आणायची, हा निर्णय मुलांनीच घ्यावा. कर्णबधिर विद्यालयाचे प्रतिनिधी येणार असतील तर सांकेतिक भाषेच्या दुभाषांशी महिनाभर आधी बोलून घ्यावे आणि त्या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाच उद्घाटनात दहा खुणा सगळ्या सभागृहाला शिकवायला सांगावे.

नावाच्या बिल्ल्यावर फक्त नाव लिहावे, आडनाव आणि शाळेचे नाव लिहू नये. आपल्याकडे आडनाव वाचले की जात ओळखण्याचा खेळ मनातल्या मनात सुरू होतो, आणि शाळेचे नाव वाचले की फीचा. बिल्ल्यांचा हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण पहिल्या तासातले वातावरण त्याने बदलते.

भोजनाचा प्रश्न वादाचा होतो, म्हणून तो मुलांपुढे उघडपणे ठेवावा. सगळ्यांना चालेल असे शाकाहारी जेवण ठेवणे व्यवस्थेच्या दृष्टीने सोपे आहे आणि ते ठेवावे, मात्र 'शुद्ध' हा शब्द कोणत्याही फलकावर येऊ देऊ नये आणि कोणी घरचा डबा आणला तर त्यात काय आहे हे विचारू नये. रोजे किंवा उपवास यांचा काळ असेल तर विश्रांतीसाठी वेगळी जागा ठेवावी.

जमाखर्च दोन विद्यार्थी सांभाळतात. पैसे शाळेच्या खात्यातूनच जातात, पण प्रत्येक पावती त्याच दिवशी वहीत चिकटवून नोंदवणे आणि दर बैठकीत शिल्लक सांगणे हे त्यांचे काम. सर्वांत मोठा खर्च प्रवासाचा असतो. आश्रमशाळेच्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च यजमान शाळेने उचलावा आणि बिल्ले, स्मृतिचिन्हे यांत तेवढी काटकसर करावी.

माहिती गटाने पाहुण्यांच्या भाषणाऐवजी आपल्या जिल्ह्यातला एक प्रसंग अर्ध्या तासात सादर करावा. कोल्हापूरच्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे प्रत्यक्ष जाऊन पाहता येतात. रायगडच्या मुलांना १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, पुण्याच्या मुलांना भिडे वाड्यात १८४८ साली सुरू झालेली मुलींची शाळा, सोलापूरच्या मुलांना पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी केलेले उपोषण हे विषय आहेत. ज्या गावात आपण राहतो तिथेच हा प्रश्न कोणीतरी हाती घेतला होता, हे कळल्यावर दुपारची चर्चा पुस्तकी राहत नाही.

नोंद ठेवणाऱ्या गटाला एकच कडक नियम द्यावा : वहीत अनुभव यावेत, नावे येऊ नयेत. छायाचित्रे फक्त पालकांचे संमतीपत्र असलेल्या मुलांची आणि तीही गटचर्चेची दारे बंद होण्याआधी काढावीत.

शिक्षकांनी काय करावे, काय करू नये

मार्गदर्शक शिक्षकांनी जुलैतच तीन याद्या लिहून द्याव्यात : कोणते निर्णय मुलांचे, कोणते मिळून घ्यायचे आणि कोणते फक्त शाळेचे. सुरक्षितता, पैशांची मर्यादा आणि पालकांची संमती या बाबी शाळेकडे राहतात. विषय, प्रश्न, गटांची रचना, दिवसाचा क्रम हे मुलांचे. याद्या लेखी नसल्या की ऑक्टोबरच्या अखेरीस कोणीतरी वडीलधारे 'हा प्रश्न नको, उगाच वाद होतील' म्हणतात आणि मुलांचे चार महिन्यांचे काम एका वाक्यात निकालात निघते. तो आक्षेप यायचाच असेल तर सप्टेंबरमध्ये यावा, म्हणून प्रश्नांची यादी तेव्हाच मुख्याध्यापकांपुढे आणि पालकसभेत ठेवावी. निमंत्रकांनी पालकांसमोर स्वतः सांगावे की इथे कोणाच्या धर्माची किंवा जातीची चौकशी होणार नाही, कोणाला बोलण्याची सक्ती होणार नाही. गटचर्चेच्या खोलीत शिक्षक असावेत का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते प्रत्येक खोलीबाहेर हाकेच्या अंतरावर एक शिक्षक असावा आणि आत फक्त मुले असावीत.

ठराव आणि त्यांचा पाठपुरावा

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटाने आपल्या शाळेसाठी एकच बदल सुचवावा. तो शाळेच्या अधिकारातला, एका सत्रात होण्याजोगा आणि झाला की नाही हे तपासता येण्याजोगा असावा. 'सर्वांनी प्रेमाने राहावे' हा ठराव तपासता येत नाही. 'शिष्यवृत्तीच्या सूचना वर्गात नावे न वाचता बंद पाकिटातून द्याव्यात', 'परिपाठात आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांच्या घरच्या बोलीतली गोष्ट व्हावी', 'बाकांची जागा दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बदलावी', 'तक्रारपेटी कार्यालयासमोरून काढून पाण्याच्या टाकीजवळ लावावी, म्हणजे तीत तक्रार कोण टाकतो हे सगळ्यांना दिसणार नाही', हे तपासता येतात. मुख्याध्यापकांनी समारोपाला ठराव स्वीकारून त्यावर पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर कारण द्यावे. कारणासह आलेला नकार मुले समजून घेतात. मान्य झालेले ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत निमंत्रकांनी मांडावेत आणि प्रत्येक ठरावावर लक्ष ठेवायला एका विद्यार्थ्याचे नाव लिहावे.

निमंत्रित शाळांच्या प्रतिनिधींचे ठराव त्यांच्या मुख्याध्यापकांकडे यजमान शाळेच्या पत्रासह पाठवावेत. पाहुणी शाळा लहान किंवा दूरची असली तर हे पत्र नेमके तिथेच उपयोगी पडते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुपूर्तीची बैठक घ्यावी. प्रश्नांची यादी, तालमीचे प्रसंग, जमाखर्चाची वही, सोयीसुविधांचा नकाशा आणि ठरावांचे उत्तरपत्र हे सारे एका फाइलमध्ये लावून आठवीतल्या पुढच्या निमंत्रकांच्या स्वाधीन करावे आणि फाइल ग्रंथालयात ठेवावी, शिक्षकांच्या कपाटात नको. जूनमध्ये शाळा उघडली की नव्या निमंत्रकांनी तीच फाइल घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे आणि उत्तरपत्रातला जो ठराव अजून अमलात आला नसेल त्यापासून विचारणा सुरू करावी.